पेडल नवीन, तरी कोड तोच: प्लग-इन प्रियसमधला ॲक्सिलरेटर सेन्सर कसा तपासावा

ताई, तुमचा प्रश्न आधी इथे थोडक्यात मांडतो, म्हणजे ज्यांच्याकडे अशीच गाडी आहे त्यांनाही उत्तराचा उपयोग होईल.

तुम्ही न्यूझीलंडमध्ये हॅमिल्टनला राहता. गाडी २०१२ची, जपानहून आलेली टोयोटा प्रियस प्लग-इन, म्हणजे इंजिन आणि मोटर दोन्हींवर चालणारी, केबलने चार्ज करता येणारी हायब्रिड. जूनपासून अधूनमधून डॅशबोर्डवर इशाऱ्याचा लाल त्रिकोण लागतो, गाडीचा जीव गेल्यासारखा होतो, बंद करून पुन्हा चालू केली की ठीक. तुमच्या गॅरेजवाल्याने स्कॅनरने पी२१२१ हा दोषाचा कोड काढला आणि ॲक्सिलरेटर पेडल सेन्सरसकट नवीन बसवलं. तीन आठवडे सुरळीत गेले, मग पुन्हा तेच. आता तो म्हणतो की सेन्सरला पाच व्होल्ट मिळतोय, अर्थिंग ठीक आहे, पेडल नवं आहे, म्हणजे उरला फक्त ईसीयू, म्हणजे गाडीचं नियंत्रण करणारा कॉम्प्युटर. तुम्ही विचारलंय की जुन्या गाडीतला ईसीयू मिळाला तर घ्यावा का, आणि तोवर नाइट ड्यूटीला हीच गाडी न्यावी का.

ईसीयू घेऊ नका. निदान अजून तरी नाही. तुम्ही पाठवलेल्या स्कॅनरच्या फोटोतच बरंचसं उत्तर आहे.

मी पिंपरीत गाड्यांचं वायरिंग शिकलो आणि गेली बरीच वर्षं ऑकलंडमध्ये हायब्रिड गाड्यांचंच काम करतो. पेडल सेन्सरचा कोड आला की पेडल बदलायचं, ही सवय दोन्हीकडे पाहिली. त्यात गिऱ्हाइकाचे पैसे जातात आणि दोष जिथल्या तिथे राहतो.

आधी हे पेडल काय काम करतं ते समजून घेऊ. पूर्वीच्या पेट्रोल गाडीत पेडलपासून थ्रॉटलपर्यंत तार जायची. तुमच्या गाडीत तशी तार नाही, आणि पेडलचा सिग्नल इंजिनच्या ईसीयूकडेही थेट जात नाही. तो हायब्रिडचा कारभार पाहणाऱ्या ईसीयूकडे जातो. तुम्ही पाय दाबलात की त्या ईसीयूला एवढंच कळतं की ‘चालकाला इतकी ताकद हवी आहे’. ती मोटरकडून घ्यायची, इंजिनकडून की दोघांकडून, हे तो ठरवतो. पाय सोडलात तर रीजनरेशनने, म्हणजे गाडीचा वेग वापरून बॅटरी भरत, गाडी किती आवळायची हेसुद्धा याच सिग्नलवरून ठरतं. म्हणूनच स्वस्तातला कोड रीडर लावून फक्त इंजिन तपासलं तर कित्येकदा काहीच सापडत नाही. हायब्रिड कंट्रोलमध्ये शिरावं लागतं. तुमच्या गॅरेजवाल्याने एवढं बरोबर केलंय.

साध्या हायब्रिडपेक्षा प्लग-इनमध्ये हा दोष जास्त जाणवतो. बॅटरी ४.४ किलोवॅट-अवरची, त्यामुळे गाडी बराच वेळ नुसत्या मोटरवर पळते. इंजिनाचा जडपणा मध्ये नसतो आणि मोटर सिग्नलला तत्काळ उत्तर देते. हलका पाय असताना सिग्नल जरा थरथरला तरी गाडी मागे-पुढे हिसके मारते. तुम्ही लिहिलंय की ‘गिअरबॉक्स गेल्यासारखी हिसडते’. गिअरबॉक्स गेलेला नाही.

आता सेन्सर. पेडलच्या डोक्याशी एका डब्यात दोन स्वतंत्र हॉल सेन्सर आहेत, म्हणजे काही न घासता चुंबकावरून पेडलची जागा ओळखणारे. प्रत्येकाला पाच व्होल्टचा पुरवठा, अर्थ (अर्थिंगची वायर) आणि सिग्नल, अशा एकूण सहा वायरी एका कपलरमधून, म्हणजे वायरी जोडायच्या प्लगमधून जातात. पहिल्या सिग्नलला टोयोटा व्हीपीए म्हणते, दुसऱ्याला व्हीपीए२. पाय सोडलेला असताना पहिला साधारण ०.८ व्होल्ट दाखवतो आणि दुसरा साधारण १.६. पेडल दाबत जाल तसे दोन्ही वाढतात, पण त्यांच्यातलं ०.८ व्होल्टचं अंतर तेवढंच राहतं. सगळ्या कंपन्यांत असं नसतं. ह्युंदाई-कियासारख्या गाड्यांत एक सिग्नल दुसऱ्याच्या निम्मा चालतो. त्यामुळे एका गाडीचे आकडे दुसरीला लावू नयेत.

हे अंतर मुद्दाम ठेवलेलं असतं. दोन्ही सिग्नल सारखेच असते आणि आतल्या आत एकमेकांना चिकटले असते, तर ईसीयूला पत्ताच लागला नसता. २०११च्या फेब्रुवारीत नासाच्या इंजिनीअरांनी टोयोटाच्या थ्रॉटल यंत्रणेवर अहवाल दिला, त्यात हे फार छान दिसतं. जुन्या, घासून चालणाऱ्या पोटेन्शियोमीटर प्रकारच्या काही पेडलांमध्ये कथिलाचे केसांहून बारीक तंतू उगवलेले सापडले, आणि एका पेडलात अशा तंतूने दोन सिग्नल एकमेकांना जोडले होते. गाड्या आपोआप वेग घेतात या तक्रारींमागे इलेक्ट्रॉनिक कारण मात्र त्यांना सापडलं नाही. तुमच्या गाडीतला सेन्सर हॉल प्रकारचा आहे, त्यात घासणारं काही नाही, म्हणून तो मुद्दा तुम्हाला लागू नाही. पण दोन सिग्नल वेगळे का ठेवतात, ते यावरून पटावं.

टोयोटाच्या बऱ्याच गाड्यांत पी२१३८ येतो तो हे अंतर जवळजवळ शून्य झाल्यावर, म्हणजे दोन सिग्नल एकमेकांना लागल्यावर किंवा दोन्ही एकदम खाली गेल्यावर. पी२१२२ म्हणजे पहिला सिग्नल फारच खाली, बहुधा वायर तुटलेली. पी२१२३ म्हणजे फारच वर. दुसऱ्या सेन्सरसाठी तेच काम पी२१२७ आणि पी२१२८ करतात. तुमचा पी२१२१ जरा वेगळा आहे. दोन्ही सिग्नल आपापल्या मर्यादेत आहेत, पण त्यांच्यातलं अंतर ०.४ व्होल्टच्या खाली किंवा १.२च्या वर गेलं आहे. म्हणजे कुठलीही वायर पूर्ण तुटलेली नाही आणि पूर्ण शॉर्टही नाही. एक सिग्नल थोडासा खोटं बोलतोय.

आता तुमचा फोटो. कोड पडला त्या क्षणाची नोंद, म्हणजे फ्रीज फ्रेम, अशी आहे: वेग ०, व्हीपीए १.२५ व्होल्ट, व्हीपीए२ १.६०, बारा व्होल्टची बॅटरी १४ च्या आसपास. तुम्हीच लिहिलंय की दोन्ही वेळा गाडी सिग्नलला उभी होती आणि पाय ब्रेकवर होता.

दुसरा सिग्नल जागच्या जागी आहे. पहिला ०.८वर असायला हवा, तो १.२५वर चढलाय. अंतर उरलं ०.३५, म्हणून कोड पडला. पेडल मॅटमध्ये अडकून अर्धवट दाबलेलं राहिलं असतं तर दोन्ही सिग्नल मिळून वर गेले असते. इथे एकटा पहिलाच चढलाय.

एकटा सिग्नल, पाय सोडलेला असताना, वर का चढेल? थोडं गणित करू. सेन्सर आपल्या पुरवठ्याचा ठरावीक हिस्सा सिग्नलवर देतो. पाय सोडलेला असताना तो हिस्सा १६ टक्के धरा, पाच व्होल्टचे ०.८. समजा अर्थच्या जोडात कचरा बसला आणि सेन्सरचा अर्थ शून्यावर न राहता अर्धा व्होल्ट वर उचलला गेला. मग सेन्सरला मिळाले साडेचार व्होल्ट, त्याचे १६ टक्के ०.७२, अधिक खालचा अर्धा, एकूण १.२२. तुमच्या नोंदीत १.२५ आहे.

हेच गणित पेडल पूर्ण दाबून करा. हिस्सा ७६ टक्के धरला तर सिग्नल ३.८० असायला हवा. अर्थ अर्धा व्होल्ट उचलल्यावर येतो ३.९२. चूक फक्त ०.१२ची, ईसीयूला ती खटकतही नाही. उलट पाच व्होल्टच्या पुरवठ्याच्या जोडात अडथळा असेल, तर पाय सोडलेला असताना चूक नगण्य असते आणि पेडल दाबत जाल तशी वाढते. त्यामुळे कोड पाय सोडल्यावर पडतो की दाबल्यावर, हे मी गिऱ्हाइकाला सगळ्यात आधी विचारतो. पाय सोडल्यावर पडत असेल तर आधी अर्थ बघायचा, चढावर पाय दाबल्यावर पडत असेल तर आधी पुरवठा. हा नियम सगळीकडे तंतोतंत लागतो असं नाही, पण सुरुवात कुठून करायची ते त्यावरून कळतं.

‘अर्थिंग तर त्यांनी मोजली, ठीक निघाली,’ असं तुम्ही म्हणाल. ते खोटं बोलले असं मला वाटत नाही. कपलर काढून, गाडीच्या बाजूच्या पिनांवर मल्टिमीटर लावला की पाच व्होल्ट येणारच आणि अर्थही चोख दिसणार, कारण त्या वेळी वायरीतून करंटच वाहत नसतो. करंट नाही तर अडथळ्यावर व्होल्टेज पडणार कुठून? बरं, कपलर जोडलेला ठेवून मागच्या बाजूने बारीक पिन घालून मोजलं, तरी तुम्ही गाडीकडच्या मादी पिनेला शिवता. ती पिन आणि पेडलची नर पिन जिथे एकमेकींना भेटतात, ती जागा त्या मोजणीच्या पलीकडे राहते. अर्थ ०.०१ व्होल्ट दाखवेल, सगळं छान वाटेल, आणि सिग्नल मात्र १.२५ असेल. अशी जोडी दिसली की दोष पिनांच्या भेटीत आहे किंवा सेन्सरच्या आत. सेन्सर तुम्ही नवा बसवलाय. मग उरलं काय, तुम्हीच बघा.

ते तीन आठवडे मला सगळ्यात बोलके वाटतात. पेडल बदलताना कपलर काढला आणि पुन्हा लावला. पिना एकमेकींवर घासल्या, वरचा थर खरवडला गेला, जोड तात्पुरता चांगला झाला. नव्या पेडलला श्रेय मिळालं. जुनंच पेडल काढून परत लावलं असतं तरी गाडी बहुधा तीन आठवडे चालली असती.

हॉल सेन्सर साधारण दहा मिलिअँपिअर घेतो असं धरलं, तर अर्धा व्होल्ट पडायला ५० ओहमचा अडथळा लागतो. पिनेवर हिरवट थर बसला किंवा मादी पिनेची पकड गेली की एवढा अडथळा सहज येतो. असला ढिला जोड मी एकदा स्वतःच्या हाताने केलेला आहे. पिंपरीत असताना एका पेट्रोल गाडीचं पेडल तपासताना मल्टिमीटरची जाडी प्रोब समोरून मादी पिनेत खुपसली. व्होल्टेज मिळालं, गाडी गेली आणि महिन्याभराने भलताच कोड घेऊन परत आली. मी पिन फाकवली होती. मालकाला ते सांगितलं, पिन बदलून दिली आणि त्या दिवसापासून बारीक प्रोबचा संच घेतला. आजही मुलांना पहिली गोष्ट हीच शिकवतो की कपलरच्या तोंडात जाड काही घालू नका आणि वायरीचं इन्शुलेशन सुईने टोचू नका. त्या भोकातून ओल शिरते आणि वायर आतून हिरवी पडते.

तुमच्याकडे तिसरी शक्यताही आहे. तुम्ही लिहिलंय की मे महिन्यात पुढची काच बदलली. तिथला हिवाळा पावसाचा, आणि दोष जूनमध्ये सुरू झाला. काचेच्या कडेने झिरपलेलं पाणी वायरिंगच्या अंगाने उतरत थेट कपलरपर्यंत येऊ शकतं. शेजारशेजारच्या पिनांमध्ये ओल असली तर पाच व्होल्ट सिग्नलकडे पाझरतो आणि सिग्नल असाच वर चढतो. चालकाच्या पायाकडचं कार्पेट उचलून खालचा फोम हाताने दाबून बघा. ओला लागला तर काचवाल्याला गाडी दाखवावीच लागेल, नाहीतर नवा कपलरही पुढच्या पावसाळ्यात तसाच होईल.

आता प्रत्यक्ष तपासणी. हा भाग चांगल्या ऑटो-इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या आणि हे उत्तर त्याला वाचून दाखवा.

गाडी ‘रेडी’त, म्हणजे पेडल दाबताच निघेल अशा अवस्थेत, घ्यायची नाही. रेडीमध्ये आवाज नसतो, पण पेडल दाबलं की गाडी सुटू शकते, आणि माणूस तर पेडलपाशी वाकलेला असतो. चार्जिंगची केबल काढा, गाडी पी मध्ये, चाकाला दगड किंवा ठोकळा. ब्रेकवर पाय न ठेवता पॉवरचं बटण दोनदा दाबलं की फक्त इग्निशन चालू होतं, तेवढंच पुरे. उच्च व्होल्टेजच्या नारिंगी केबलींना हात लावायचं काहीच कारण नाही, आपलं काम पाच व्होल्टचं आहे. मात्र रेडी नसताना बारा व्होल्टची बॅटरी चार्ज होत नाही आणि ती आहे लहानशी, मागे डिकीत उजव्या बाजूला. तपासणी लांबली की ती उतरते आणि नसलेले कोड दाखवू लागते. म्हणून आधी तिला चार्जर लावा. उभ्या गाडीत १२.६ हवेत. १२.२च्या खाली असेल तर ती भरल्याशिवाय कुठल्याच आकड्यावर विश्वास ठेवू नका.

कोड पुसण्याआधी सगळ्या ईसीयूंचे कोड लिहून घ्या. पाच व्होल्टचे दुसरे सेन्सरही तक्रार करत असतील तर गोष्ट वेगळी आहे. तेव्हा समाईक पुरवठा कोणीतरी खाली ओढतंय, आणि एकेक सेन्सर काढून गुन्हेगार शोधावा लागतो. ताकद कमी आहे पण पेडलचा कोडच नाही, आणि स्कॅनरवर पेडल पूर्ण दाबल्यावर दोन्ही सिग्नल नीट वर जातात, तर पेडल सोडून द्या. तिथे इन्व्हर्टरचं कूलिंग किंवा मोठी बॅटरी बघायची. हे तुमचं प्रकरण नाही.

मग स्कॅनरवर फक्त दोन आकडे निवडा, व्हीपीए आणि व्हीपीए२, आणि ग्राफ लावा. वीस आकडे एकदम निवडले की स्कॅनर हळू होतो आणि क्षणाचा झटका निसटतो. पेडल दहा सेकंदांत सावकाश दाबायचं, दहा सेकंदांत सोडायचं. दोन रेषा रुळांसारख्या समांतर चालल्या पाहिजेत. नंतर पाय पूर्ण काढून घ्या आणि एकाने कपलरजवळची वायरिंग बोटांनी हलवावी: वर, खाली, हलका ताण, हलकं दाबणं. पाय पेडलवर नसताना व्हीपीएची रेषा ०.८वरून उचलली गेली तर दोष तुमच्या बोटांखाली आहे. घाईने हलवू नका. एका जागी पाच सेकंद धरून ठेवा, मग पुढची जागा. ग्राफवर काहीच दिसलं नाही तर ऑसिलोस्कोप लावा, कारण मल्टिमीटर सरासरी दाखवतो आणि काही मिलिसेकंदांचा झटका त्यात विरून जातो. हॉल सेन्सरला ओहममध्ये मोजण्याचा मात्र काही उपयोग नाही.

त्यानंतर इग्निशन बंद करून कपलर काढा आणि भिंगाखाली सहाही पिना बघा. हिरवट, पांढरट, काळपट असं काहीही दिसलं तर फोटो काढून ठेवा. मग पकड तपासा. त्याच मापाची सुटी नर पिन घ्या आणि एकेका मादी पिनेत घालून ओढा. चांगली पिन धरून ठेवते, हाताला अडखळ जाणवते. फाकलेली पिन लोण्यातून सुरी निघावी तशी सोडते. सहापैकी एकच सैल लागली आणि ती पहिल्या सेन्सरच्या अर्थची निघाली, तर शोध संपला.

दुरुस्ती म्हणजे ती पिन बदलणं. चिमट्याने दाबून घट्ट केलेली पिन काही दिवसांत पुन्हा सैल होते. वायरीच्या शेपटीसह तयार पिन मिळते, ती कपलरात बसवून वायर नीट क्रिंप करायची आणि वर श्रिंक ट्यूब. बाकीच्या पिना कॉन्टॅक्ट क्लीनरने धुऊन पूर्ण वाळवायच्या. मग कोड पुसा, पेडलला न शिवता फक्त इग्निशन चालू करा आणि पुन्हा तोच समांतर रेषांचा ग्राफ काढून जपून ठेवा. या सगळ्याला ईसीयूच्या किमतीच्या तुलनेत फारच थोडा खर्च येतो.

ईसीयूचा नंबर लागतो तो कपलरची पिन, वायर आणि पुरवठा हे तिन्ही करंट वाहत असताना चोख निघाले, आणि तरीही ईसीयूच्या पिनेवरचं खरं व्होल्टेज एक आणि स्कॅनरवरचा आकडा दुसराच, असं दिसलं तर. असं मला क्वचितच दिसलंय. शिवाय जुन्या गाडीतला ईसीयू नुसता खोचून चालत नाही. तो तुमच्या गाडीच्या इमोबिलायझर यंत्रणेशी, म्हणजे चोरी रोखणाऱ्या यंत्रणेशी जुळवावा लागतो, आणि ते जमलं नाही तर आज निदान चालणारी गाडी उद्या रेडीतच येणार नाही.

राहिला नाइट ड्यूटीचा प्रश्न. एक सेन्सर खोटा वाटला की ईसीयू दुसऱ्यावर चालवतो आणि ताकद आवळून धरतो. दोन्ही गेले तर पेडल सोडलंय असंच समजतो. म्हणजे या दोषाने गाडी आपोआप सुसाट सुटेल ही भीती बाळगू नका. भीती आहे ती हायवेवर मागून ट्रक येत असताना ताकद जाण्याची, आणि ती खरी आहे. कपलर तपासून होईपर्यंत हायवेवर ही गाडी नेऊ नका. गावातून जायचं तर डावीकडच्या लेनमधून, आणि जीव गेल्यासारखी वाटली की हॅझर्ड लावून बाजूला घ्या. घरातून निघण्याआधी पायाखाली एकच मॅट आहे आणि ती हुकात अडकलेली आहे, एवढं बघा. पावसाळ्यात एका मॅटवर दुसरी टाकायची सवय पुष्कळांना असते, ती या पेडलाखाली नको.

इलेक्ट्रिशियनकडून मला तीन गोष्टी हव्यात: पाय सोडलेला असताना कपलर जोडलेल्या अवस्थेतले व्हीपीए आणि व्हीपीए२, त्याच वेळी पहिल्या सेन्सरच्या अर्थ पिनेचं बॉडीशी मोजलेलं व्होल्टेज, आणि सहा पिनांचा जवळून काढलेला फोटो. फोम ओला होता की कोरडा तेही लिहा.